थारचे शॉकअप : डांबरी रस्त्याला आणि चिक्केवाडीच्या वाटेला कम्प्रेशन किती ठेवता?

गगनवाट । शनिवार, रात्री ९.५०

मंडळी, नमस्कार. प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण अर्धवट माहिती देऊन तुमचा वेळ घालवण्यापेक्षा सगळं सांगतो.

दिवाळीनंतर माझ्या २०२१ च्या महिंद्रा थारला ॲडजस्टेबल शॉकअप बसवले. मोनोट्यूब (एकाच नळीचे), तेलाची वेगळी टाकी बाहेर, टाकीवर कम्प्रेशनची घुंडी (चाक वर येताना शॉकअप किती अडवतो त्याची), आणि खालच्या टोकाच्या रबरी बुशजवळ रिबाउंडची (चाक परत खाली जाताना किती अडवतो त्याची). दोन्हींना २४ क्लिक, म्हणजे फिरवायचे टप्पे. घुंडी उजवीकडे फिरवत पूर्ण बंद केली की शून्य, म्हणजे सगळ्यांत कडक. तिथून बाहेर मोजत यायचं. टायरचा साइज बदललेला नाही, गाडी उचललेली नाही, स्प्रिंग मूळचीच.

मी कोल्हापुरात फुलेवाडीत राहतो. आठवड्यातून दोनदा कामासाठी गगनबावडा, कधी करूळ घाट उतरून खाली, आणि महिन्यातून एखाद-दुसरा रविवार मातीत. डांबरी रस्त्याचं गणित जमलंय असं वाटतं : कम्प्रेशन पुढे ८, मागे १०, रिबाउंड चारही ठिकाणी ९. बालिंगा, कळे, साळवण असं जाताना गाडी डुलत नाही, करूळच्या वळणांवर झुकत नाही, ब्रेक लावला की नाक खाली घालत नाही. आई मागे बसते, तिचीही तक्रार नाही.

अडचण मातीत आहे. मागच्या रविवारी गारगोटी, पाटगाव, भटवाडी करून चिक्केवाडीच्या वाटेला गेलो. वनखात्याच्या चौकीवर विचारूनच गेलो होतो. निघताना कम्प्रेशन चारही चाकांना २४ वर, म्हणजे पूर्ण मऊ केलं. गाडी फार उसळू नये म्हणून रिबाउंड ९ वरून ५ वर आणलं. टायरमध्ये हवा ३४ पीएसआय.

इतके दणके मूळच्या शॉकअपनेही दिले नव्हते. ओढ्यात उतरताना पुढून असा आवाज यायचा की काळजात चर्र व्हायचं. मऊ करूनही गाडी कडक का लागते? शॉकअपच खराब निघाले का?

तांबडीमाती । शनिवार, रात्री १०.१५

भावा, पूर्ण मऊ केलंस ते बरोबरच हाय. मातीत मऊच ठेवायचं. मला वाटतंय रिबाउंड पण मऊ कर, सगळं २४ वर टाक, मग बघ कशी गाडी तरंगत जाती ते.

जांभादगड । शनिवार, रात्री १०.३२

तांबडीमाती, सगळंच २४ वर टाकायला नको. रिबाउंड पूर्ण उघडलं तर खड्ड्यातून वर आल्यावर मागचं चाक उडी मारेल, आणि बाजूला दरड असेल तिथे गाडी आडवी सरकेल.

गगनवाट, आधी एक सांगा : ३४ पीएसआयवर दगडातून गेलात? मी जिम्नी चालवतो. तिच्या दोन्ही ॲक्सल रिजिड आहेत, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच अखंड दांड्यावर, वजन बाराशे किलोच्या आसपास. दगडगोट्यांत मी १८-२० वर येतो. तुमची थार बरीच जड आहे, तुम्हाला थोडी जास्त हवा लागेल, पण ३४ तर डांबरी रस्त्याची हवा झाली. मुठीएवढ्या धारदार दगडाचा पहिला दणका टायरने खायचा असतो, शॉकअपची पाळी त्यानंतर. टायर दगडासारखा फुगलेला असेल तर तुम्ही कितीही क्लिक फिरवा.

गगनवाट । शनिवार, रात्री १०.४०

हवा कमी केली नव्हती हे खरं. परत भरायला पंप नव्हता. पण ओढ्यातला दणका दगडाचा नाही. तिथे तळ वाळूचा आणि गुळगुळीत होता, फक्त उतार एकदम संपत होता. तो आवाज धातूवर धातू आपटल्यासारखा होता.

उद्यमनगरचा_फिटर । रविवार, सकाळी ७.०५

गगनवाट, तुमचे शॉकअप खराब नाहीत असं मला वाटतं. तीस वर्षं उद्यमनगरात गाड्यांच्या खाली काढली आहेत, म्हणून जरा मुळापासून सांगतो. माहीत असेल त्यांनी पुढे सरकावं.

शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही. वजन उचलते ती स्प्रिंग. स्प्रिंग दाबली की तिच्यात ताकद साठते आणि ती ताकद ती परत देणारच. ती हालचाल तेलात जिरवून तिची उष्णता करणं एवढंच शॉकअपचं काम. म्हणून खराब रस्त्यावर तासभर गेलं की शॉकअपची नळी गरम लागते. चारपैकी तीन गरम आणि एक थंड असेल तर तो थंडवाला काम सोडून बसलाय. हात लावताना जपून, चांगलाच चटका बसतो.

आत दांड्याच्या टोकाला पिस्टन असतो, त्याला भोकं असतात आणि भोकांवर पातळ स्टीलच्या चकत्यांची चळत. त्यांना शिम म्हणतात. चाक वर येतं तेव्हा तेल एका बाजूच्या चकत्या वाकवून पलीकडे जातं, ते कम्प्रेशन. चाक खाली जातं तेव्हा दुसऱ्या बाजूच्या चकत्या वाकतात, ते रिबाउंड. टाकीवरच्या तुमच्या घुंडीने चकत्या बदलत नाहीत. आत एक सुई पुढे-मागे होते आणि तेलाला जायची एक बारीक वाट लहान-मोठी होते.

उसाच्या पाटाचं दार डोळ्यांसमोर आणा. दार चार बोटं उघडलं की आठ बोटं, यावर रोजच्या पाण्याला फरक पडतो. पण पावसाचा लोंढा आला की पाणी बांधावरून जातं, तेव्हा दार किती उघडं होतं याला फारसा अर्थ उरत नाही. घुंडी म्हणजे ते दार आणि चकत्या म्हणजे तो बांध. दांडा सावकाश सरकतो तेव्हा तेल दारातून जातं, झटक्यात सरकला तर बांधावरून.

लो-स्पीड आणि हाय-स्पीड कम्प्रेशन म्हणतात ते हेच. यातला वेग दांड्याचा, गाडीचा नव्हे. हायवेला ९० ने जाताना लांबलचक वळण घेतलंत तर गाडी हळूहळू झुकते, दांडा सेकंदाला चार-पाच सेंटीमीटर सरकतो. ते लो-स्पीड. चिक्केवाडीला १० च्या वेगाने धारदार दगडावर चाक चढलं की दांडा एका झटक्यात वर येतो. ते हाय-स्पीड. बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

तर तुमची एकच कम्प्रेशन घुंडी आहे आणि तिचा हात मुख्यतः लो-स्पीडला पोचतो. २४ वर नेल्याने दगडाचा टोकदार दणका फारसा कमी होणार नव्हताच. पण ब्रेक, वळण, उतार, ओढ्यातला खळगा अशा जागी नाकाला धरून ठेवणारा आधार मात्र तुम्ही काढून घेतलात. उतार संपला, सगळं वजन पुढच्या दोन चाकांवर आलं, अडवायला कोणी नाही, दांडा संपेपर्यंत आत गेला आणि गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाचा वर येण्याचा प्रवास अडवणाऱ्या रबराच्या ठोकळ्यावर, आपटली. तो आवाज तिथला असणार.

मऊपणामुळेच ती कडक लागली.

तांबडीमाती । रविवार, सकाळी ८.२०

काका, हे मला कधीच कुणी असं फोडून सांगितलं नव्हतं. माझी जुनी जीप आहे, मागं स्प्रिंगच्या जागी पाटे. तिला घुंडी-बिंडी काय नाही, म्हणून मी सगळं मऊच चांगलं असं धरून चाललो होतो. पण मग लोकं मातीत मऊ करा का सांगतात?

उद्यमनगरचा_फिटर । रविवार, सकाळी ८.४५

सांगतात ते पूर्ण चूक नाही. खडकातून माणसाच्या चालीने गाडी चढवायची असेल तर लो-स्पीड मऊ असलेला बरा. प्रत्येक चाक दगडाचा आकार धरत वर-खाली होतं, टायर जमीन सोडत नाही. पण तीच गाडी पाटगावच्या अलीकडच्या मुरमाच्या रस्त्यावर ४५-५० ने पळवायची तर आधार लागतो. आणि आडव्या उतारावरून, म्हणजे एका बाजूला डोंगर एका बाजूला दरी अशा वाटेने जाताना फार मऊ गाडी खालच्या बाजूला लवते. बसणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि गाडीचा तोलही खरोखर तिकडे जातो. एका दिवसात हे तिन्ही प्रकार येतात. म्हणून मातीचं एकच सेटिंग असं काही नसतं, मधलं काहीतरी धरावं लागतं.

दऱ्याखोऱ्या_दुचाकी । रविवार, सकाळी ९.१०

मी बाइकवाला आहे, पण गणित तेच. माझ्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांपैकी डाव्या दांडीत कम्प्रेशन आहे, उजव्या दांडीत रिबाउंड.

गगनवाटदादा, तुम्ही रिबाउंड ९ वरून ५ वर आणलंत हेही मला खटकतंय. मी हीच चूक एक अख्खा हंगाम केली. रिबाउंड फार आवळलं की चाक खड्ड्यातून वर आल्यावर पुन्हा खाली पसरायला वेळ लावतं. तेवढ्यात दुसरा उंचवटा येतो. अर्धवट दबलेल्या जागेवरूनच ते आणखी दबतं. तिसऱ्याला आणखी. पाचव्या-सहाव्या उंचवट्यापर्यंत सस्पेन्शन खाली बसलेलं असतं आणि प्रवासाला जागाच उरत नाही. चालवणाऱ्याला वाटतं शॉकअप कडक आहे, म्हणून तो कम्प्रेशन आणखी मऊ करतो, आणि गाडी आणखी खाली बसते.

ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्याच उंचवट्याला दणका लागला तर टायरची हवा नाहीतर कम्प्रेशन बघा. पहिले दोन छान गेले आणि मग एकेक जड होत गेला तर रिबाउंड उघडा.

ऊस वाहतुकीच्या दिवसांत ट्रॉल्यांनी रस्त्याला ज्या लाटा पाडलेल्या असतात ना, कारखान्याच्या आसपास, तिथे ही परीक्षा पाच मिनिटांत होते.

गगनवाट । रविवार, सकाळी ९.३०

हे तंतोतंत असंच होत होतं! भटवाडीच्या पुढे सुरुवातीला बरं वाटायचं आणि शंभर मीटरवर गाडी लाकडी होऊन जायची. मी थांबून पुन्हा निघालो की परत बरं.

सिंहगडरोड । रविवार, सकाळी १०.००

थोडा आडवा प्रश्न विचारतो. माझ्याकडे थार रॉक्स आहे, मूळचेच शॉकअप, घुंडी नाही. कंपनी त्यात फ्रीक्वेन्सी डिपेंडंट डॅम्पिंग आहे असं सांगते. मग मी काय करायचं?

उद्यमनगरचा_फिटर । रविवार, सकाळी १०.२०

काही फिरवायचं नाही. त्यात एक जादा झडप असते. चाक बारीक-बारीक आणि भराभर थरथरतं तेव्हा ती तेलाला सोपी वाट देते, आणि गाडी सावकाश मोठी डुलते तेव्हा ती वाट बंद करते. म्हणजे आम्ही हाताने जी तडजोड करतो ती थोडीफार आतल्या आत होते. तुमच्या हातात टायरची हवा आणि गाडीतलं सामान एवढंच. दोन्ही नीट ठेवलंत तरी पुष्कळ फरक दिसेल.

पंचगंगाकाठ । रविवार, सकाळी ११.०५

सामानावरून आठवलं. मागे पाच माणसं आणि सामान भरलं की माझी गाडी मागून बसते. बसवून देणाऱ्याने सांगितलं कम्प्रेशन कडक करा. केलं. गाडी तेवढीच बसलेली राहिली, आणि प्रत्येक गतिरोधकाला आईची कंबर मोडायची वेळ आली. जोतिबाला जाऊन येईपर्यंत ती दोनदा म्हणाली, गाडी बदल.

उद्यमनगरचा_फिटर । रविवार, सकाळी ११.२५

गाडी उभी असताना दांडा हलतच नाही, मग तेल कुठून अडवणार? उभ्या गाडीची उंची फक्त स्प्रिंग ठरवते. कायम ओझं असेल तर स्प्रिंग बदला, आणि स्प्रिंग कडक घेतली तर तिला आवरायला रिबाउंडही त्या मानाने वाढवा. कम्प्रेशन आईंसाठी परत उघडा. तेवढं आजच करा.

गतिरोधकाचं एक सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमाप्रमाणे गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असायला हवा. त्यावरून २५ च्या वेगाने गेलं तर दांडा सावकाश आत जातो. आपल्याकडे गावोगावी हातभर रुंदीचे उंचवटे घातलेले असतात. उंची तेवढीच, पण चाक एका झटक्यात वर येतं. म्हणून एका गतिरोधकावर घुंडीचा फरक कळतो आणि दुसऱ्यावर कळत नाही. सेटिंग तपासायला कुठला गतिरोधक वापरता ते लक्षात ठेवा.

आजऱ्याची_वाट । रविवार, दुपारी १२.१०

मी इथे क्वचित लिहिते, पण बंप स्टॉपला गाडी लागते की नाही हे अंदाजाने ठरवू नका असं सांगावंसं वाटलं. आम्ही एक साधी युक्ती करतो. शाडूची माती घ्यायची, गणपतीची असते तीच, बापट कॅम्पात नाहीतर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मिळते. ओलसर गोळा करून बंप स्टॉपच्या टोकाला लाडवाएवढा थापायचा. तासाभराची फेरी मारून यायचं आणि बघायचं. गोळा तसाच असेल तर लागलेलं नाही. चपटा झाला असेल तर किती जोरात लागलं ते जाडीवरून कळतं. उन्हात माती वाळून पडते, म्हणून सकाळी लवकर करावं.

दांडा उघडा दिसत असेल तर त्यावर प्लास्टिकची केबल टाय सैलसर बांधूनही चालतं. ती सरकून जिथे थांबते तिथपर्यंत दांडा आत गेलेला असतो. पण पावसाळ्यात चिखल त्याच टायला धरून सीलपाशी जमतो, म्हणून फेरी झाली की कापून टाका.

दादा, आणखी एक. चारही चाकांचे क्लिक स्वतः मोजा. माझ्या गाडीत बसवून आल्यावर डावं पुढचं ३ वर आणि उजवं ७ वर निघालं होतं. दीड महिना मी अलाइनमेंट करून घेत होते.

गगनवाट । रविवार, दुपारी १२.३०

ताई, ही मातीची युक्ती फार आवडली. पुढच्या रविवारी करतो. फिटरकाका, कुठल्या आकड्यापासून सुरुवात करू?

उद्यमनगरचा_फिटर । रविवार, दुपारी १.००

आकडा मी देणार नाही. तुमच्या शॉकअपचा एक क्लिक आणि दुसऱ्याच्या शॉकअपचा एक क्लिक यांत काही नातं नसतं. पद्धत देतो.

आधी चारही शॉकअपच्या घुंड्या हलक्या हाताने बंद करा आणि उघडत मोजून आत्ताचा आकडा वहीत लिहा. बंद करताना शेवटी जोर लावू नका, आतल्या सुईचं टोक खराब होतं. मग घराजवळचा तीन-चार किलोमीटरचा एक तुकडा ठरवा, ज्यात वळण, खड्डे आणि एखादा उतार तिन्ही असेल. हवा थंड टायरला मोजायची. गाडीत माणसं आणि डिझेल तेवढंच ठेवायचं. पहिल्या फेरीला कम्प्रेशन पूर्ण बंद, दुसऱ्या फेरीला पूर्ण उघडं, दोन्ही वेळा सावकाश चालवा. चालवायला ती सेटिंग नाहीत, पण दोन्ही टोकं काय बोलतात ते एकदा अंगाला कळलं की मधला फरक ओळखता येतो. मग मध्यावर या आणि दोन-दोन क्लिकने सरका. एका वेळी एकच घुंडी, पुढची नाहीतर मागची. कम्प्रेशन आणि रिबाउंड एकाच फेरीत दोन्ही फिरवलंत की कशाने काय झालं ते देवालाही सांगता येणार नाही.

घरून निघाल्या निघाल्या या फेऱ्या सुरू करू नका. शॉकअप थंड असतात, तेल घट्ट असतं. पंधरा-वीस मिनिटं चालवून मग सुरू करा.

जांभादगड । रविवार, दुपारी १.२०

फिटरकाका, एक शंका. बाजारात एकच घुंडी असलेले शॉकअप पण मिळतात, नऊ टप्प्यांचे वगैरे. त्यांचं काय?

उद्यमनगरचा_फिटर । रविवार, दुपारी १.४५

त्यांचं पुस्तक वाचल्याशिवाय हात लावू नका. काहींत ती घुंडी फक्त रिबाउंड बदलते, काहींत दोन्ही एकदम. दोन्ही एकदम बदलणारे असतील तर हायवेसाठी कडक केलेला टप्पा तसाच ठेवून खराब रस्त्याला गेलात की वर त्या बाइकवाल्या दादांनी सांगितलं तसं गाडी खाली बसत जाणार. अशा शॉकअपला खराब रस्त्यावर एक-दोन टप्पे कमी करणं बहुतेक वेळा बरोबर ठरतं, पण ते रिबाउंड मोकळं झाल्यामुळे. लोक त्याचं श्रेय कम्प्रेशनला देतात.

सिंहगडरोड । रविवार, दुपारी ३.१५

असे शॉकअप बसवणं कायद्यात बसतं का?

पंचगंगाकाठ । रविवार, दुपारी ३.४०

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्या. नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन यांत फरक पडेल असे बदल करता येत नाहीत. गाडी उचलणं, मोठे टायर घालणं यात अडचण येऊ शकते. मूळ उंचीचे शॉकअप बदलले तरी मी विमा कंपनीला आधी लेखी कळवलं होतं, तुम्हीही कळवा.

गगनवाट । पुढचा रविवार, रात्री ८.३०

आजची फेरी झाली. सविस्तर लिहितो, कारण माझ्यासारखा आणखी कुणीतरी मऊ करून करून वैतागलेला असेल.

शनिवारी संध्याकाळी शाडू आणली. सोबत हवेचा पंपही घेतला. सकाळी सातला भटवाडीच्या पुढे, वस्ती संपल्यावर, चारही बंप स्टॉपना गोळे थापले. पहिली फेरी मुद्दाम मागच्या वेळच्याच सेटिंगला केली : कम्प्रेशन २४, रिबाउंड ५, हवा ३४. ओढा ओलांडून परत आलो. पुढचे दोन्ही गोळे पापडाएवढे पातळ झाले होते, डाव्यावर तर बंप स्टॉपच्या रबराचा ठसाही स्पष्ट उमटला होता. मागच्या गोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. काका, तुम्ही गाडी न बघता सांगितलं होतं ते शब्दशः खरं निघालं.

मग फक्त हवा २२ वर आणली, बाकी तसंच. धारदार दगडांचे दणके निम्म्याने कमी झाल्यासारखे वाटले. ओढ्यात मात्र पुन्हा तोच आवाज, नवा गोळाही चपटा. म्हणजे तो आजार वेगळाच होता.

तिसऱ्या फेरीला फक्त रिबाउंड ५ वरून १२ वर उघडलं. शंभर मीटरनंतर गाडी लाकडी होते ते तिथेच थांबलं. एवढा मोठा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. बायको शेजारी बसली होती, तिला घुंड्यांचं काही सांगितलेलं नव्हतं. ती म्हणाली, "आता रस्ता बदलला का?"

चौथ्या फेरीला पुढचं कम्प्रेशन २४ वरून १८. ओढ्यात आवाज आला पण बारीक, गोळा अर्धा दबलेला. पाचव्या फेरीला १४. गोळ्यावर नुसतं बोटाने टेकल्याएवढी खूण. सहाव्या फेरीला हौस म्हणून १० करून बघितलं : गोळा अखंड, पण खडकाच्या चढावर उजवं पुढचं चाक दोनदा मोकळं फिरलं, जिथे १४ ला ते जमीन धरून होतं. परत १४ वर आलो.

म्हणजे मी ज्याला एक दणका समजत होतो ते तीन निघाले. दगडाचा हवेने गेला, ओळीने येणारा रिबाउंडने, आणि ओढ्यातला कम्प्रेशन वाढवून.

मागे कम्प्रेशन १६ ठेवलं आहे. घरी येताना गारगोटीला हवा भरली, कम्प्रेशन पुन्हा पुढे ८, मागे १०. रिबाउंड मात्र ९ वर न नेता १० ठेवलं, आणि राधानगरीच्या फाट्यापासून पुढे आई मागच्या सीटवर झोपली.

तांबडीमाती । पुढचा रविवार, रात्री ८.५०

नाद खुळा! भावा, पुढच्या टायमाला मला पण घेऊन चल. माझ्या जीपला घुंडी नसली तरी माती लावून बघायचीच.

आजऱ्याची_वाट । पुढचा रविवार, रात्री ९.१५

किती नीट केलंत दादा. फक्त शाडू पुसून काढलीत ना? रबरावर वाळून बसली की पुढच्या वेळी खोटी खूण दिसते.

आणि तांबडीमाती, फेरीला मसाई पठार नको. पावसाळ्यानंतर तिथे फुलं असतात, आणि चाकोऱ्या एकदा पडल्या की वर्षानुवर्षं तशाच राहतात. पाटगावकडे जा, येताना मध घेऊन या.

उद्यमनगरचा_फिटर । पुढचा रविवार, रात्री ९.४०

गगनवाट, वही जपून ठेवा. दोन गोष्टी राहिल्या. चिखलातून आल्यावर घुंड्यांवर पाण्याची जोरदार धार मारू नका, हलक्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने साफ करा. करूळ उतरून समुद्राकडे जाता, खारी हवा लागते, म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक घुंडी पूर्ण बंद, पूर्ण उघडी करून परत आपल्या आकड्यावर आणा. नाही केलं तर दोन पावसाळ्यांत जाम होते आणि मग पक्कड लावून तोडतात. आणि दांड्यावर तेलाचा ओलेपणा दिसला तर स्वतः उघडायला जाऊ नका. मोनोट्यूबमध्ये तेलाला फेस येऊ नये म्हणून दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, तो जिथे भरून मिळतो तिथेच काम द्या.

मागचं १६ तुम्ही तपासलेलं नाही, नुसतं ठेवलंय. मागचे गोळे पहिल्या फेरीतच कोरे होते, म्हणजे तिथे अजून मऊ करायला जागा आहे. पुढच्या वेळी पुढचं अजिबात हलवू नका आणि मागे १८, २० करून बघा.

गगनवाट । पुढचा रविवार, रात्री ९.५५

लिहून घेतलं काका. उरलेली शाडू ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. १८ आधी, मग २०.